लिंकनच्या पूर्वजांचा माग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

अब्राहम लिंकनच्या घराण्याविषयी तू विचारलेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डिसेंबर १८५९ मध्ये जेसी फेल या स्नेह्याला पाठवलेल्या छोट्या आत्मवृत्तात लिंकनने म्हटले आहे, की आपले आजोबा व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीतून (म्हणजे जिल्ह्यातून) केंटकीत आले आणि त्याआधीची पिढी पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीची. न्यू इंग्लंडमधील, म्हणजे मॅसॅच्युसेट्स वगैरे ईशान्येकडील राज्यांतील, लिंकन कुळाशी नाते जोडून पाहिले, पण मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या सारखेपणापलीकडे हाती काही लागले नाही. हे वाचून मला फार हळहळ वाटते, कारण आजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना ती नावेच केवढी मोठी खूण वाटली असती!

ही माहिती तुटली कशी, तेही पाहण्याजोगे आहे. आजोबा अब्राहम १७८६ मध्ये मूळनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले, तेव्हा लिंकनचे वडील थॉमस अजून लहान होते. जमीन थोरल्या भावाकडे गेली आणि थॉमस मजुरी करत वाढले. त्यांना जुन्या गोष्टी सांगणार कोण?

पुढे संशोधकांनी दुवा जुळवला तो जमिनीच्या कागदांवरून. १६३७ मध्ये इंग्लंडातून मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅमला आलेल्या सॅम्युएल लिंकनचा नातू मॉर्डेकाय न्यू जर्सीमार्गे पेनसिल्व्हेनियात गेला. त्याने न्यू जर्सीतील जमीन मृत्युपत्राने जॉन या मुलाला दिली आणि जॉनने ती विकली, तेव्हा खरेदीखतात बापाचे नाव आले. हाच जॉन पुढे व्हर्जिनियात गेला. आजोबा अब्राहम त्याचाच मुलगा.

आईवडिलांच्या लग्नाचा पुरावा तर लिंकनच्या हयातीत मिळालाच नाही, आणि त्यावरून लोक नाही नाही ते बोलले. शोध केंटकीतील हार्डिन काउंटीत चालला होता. कागद होता वॉशिंग्टन काउंटीच्या कचेरीत. १० जून १८०६ चे, पन्नास पौंडांचे ते विवाहाचे हमीपत्र (लग्नाला कायदेशीर अडचण नाही, याची हमी), त्यावर थॉमसबरोबर लिंकनची आई नॅन्सी हँक्स हिचा पालक म्हणून रिचर्ड बेरीची सही, आणि दोनच दिवसांनी लग्न लागल्याची नोंद! म्हणून मी म्हणतो, खेड्यातल्या कुटुंबाचा माग काढताना शेजारच्या काउंटीचे दप्तर उघडल्याशिवाय ‘नोंद नाही’ असे म्हणू नये. जनगणनेचा आधार इथे तोकडा पडतो, कारण १८५० पूर्वी तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत.

नॅन्सीचे माहेर मात्र कागदांनी उलगडले नाही. जमीन बायकांच्या नावावर क्वचितच असे. तिची आई कोण, हा वाद दीडशे वर्षे चालला. अखेर हँक्स कुळातील लेकींच्या वंशजांचे, आईकडून उतरणारे मायटोकॉन्ड्रियल डीएनए ताडून पाहिले गेले आणि २०१५ मध्ये ल्यूसी हँक्स हीच तिची आई, या मताला भक्कम आधार मिळाला.

तुझा स्नेही