४०७ च्या ब्रेकसाठी मिल्ड्युराहून पत्र

मिल्ड्युरा, व्हिक्टोरिया
१२ जुलै

तीर्थरूप आप्पा आणि आईस,

शिरसाष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

रविवारी दादा फोनवर बोलता बोलता म्हणाला की आपल्या टाटा ४०७ टेम्पोचा ब्रेक हल्ली कडक लागतोय. मिस्त्रीनं ब्रेक आवळून दिले तरी फरक नाही, आता तो म्हणतोय बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरच पूर्ण बदला. मग विषय कांद्याच्या भावावर गेला आणि ते तसंच राहिलं. माझ्या डोक्यातून मात्र जात नाही. हेच दुखणं नुकतंच आमच्या गाडीला झालं होतं आणि आम्ही ते घरच्या शेडमध्येच दुरुस्त केलं. फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आप्पा, तुम्ही वाचा आणि दादाला शेजारी बसवून दाखवा. टोमॅटोचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे व्हायला हवं.

इथं सध्या द्राक्षांची छाटणी चालू आहे. आपल्याकडे एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, अशा दोन छाटण्या. इथं वेल थंडीत झोपतो, त्यामुळे एकच. सकाळी पारा चार-पाच अंशांवर असतो, कात्री धरवत नाही. तुमचे जावई आणि मी बागेत जायला जी गाडी वापरतो ती लँड क्रूझर ७५, मागं उघडा हौदा असलेली. इंजिन ४.२ लिटरचं, सहा सिलिंडर, टर्बो नाही. १९९० च्या दशकातली गाडी आहे, पण इंजिनाचा आवाज ऐकाल तर खूश व्हाल.

आधी मूळ गोष्ट सांगते, कारण ती कळली की मिस्त्री काय बदलतोय आणि कशासाठी, ते आपलं आपल्याला ठरवता येतं. पेट्रोलच्या इंजिनात हवा आत घेण्याच्या वाटेवर झडप असते. ती अर्धवट मिटलेली असली की तिच्या मागं आपोआप व्हॅक्यूम, म्हणजे हवेची पोकळी, तयार होतो आणि ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्याला, तो फुकटात मिळतो. डिझेलला तशी झडप नसते. हवा भरपूर आत येते आणि वेग कमी-जास्त होतो तो डिझेल कमी-जास्त सोडून. म्हणून डिझेल गाडीला व्हॅक्यूम करायला वेगळा पंप द्यावा लागतो. आमच्या गाडीत तो अल्टरनेटरच्या पाठीमागे, त्याच्याच शाफ्टवर बसवलाय. आपल्या ४०७ लाही तिथंच आहे. आप्पा, तुम्ही त्याला एक्झॉस्टर म्हणता तोच.

त्याची मदत किती असते ते हिशोब करून बघितलं. बूस्टरचा पडदा नऊ इंच व्यासाचा धरला आणि व्यवस्थित व्हॅक्यूम असला, तर बाहेरची हवा त्या पडद्याला सुमारे साडेतीनशे किलोचा रेटा देते. पंप निकामी झाला की हे साडेतीनशे किलो जातात आणि उरतो तो नुसता दादाचा पाय. ब्रेक जात नाहीत, लागतात. पण कितीही जोर लावला तरी गाडी वेळेत थांबत नाही. रिकाम्या गाडीत हे जाणवतही नाही. माल भरून कसारा घाट उतरताना जाणवतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. मला काळजी वाटते ती याचीच.

त्यावरून एक सांगायचंच आहे. घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करतात, ते दादानं कधीही करू नये. इंजिन थांबलं की पंप थांबला. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पॅडल दाबण्यापुरता असतो, पुढं काही नाही. चार रुपयांच्या डिझेलसाठी हे कोणी करू नये, आणि आपल्या ड्रायव्हरनं तर नाहीच.

आता तपासणी. कुठलंही हत्यार लागत नाही. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पॅडल टणक होतं. पाय तसाच दाबून ठेवायचा आणि गाडी स्टार्ट करायची. पॅडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टरला मदत मिळतेय. जागचं हललं नाही तर मिळत नाही. दुसरी तपासणी अशी: इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करायचं, थोडं थांबायचं आणि मग पॅडल दाबायचं. पहिला दाब खोल, दुसरा त्याच्या वर, तिसरा आणखी वर, असं व्हायला हवं. पहिलाच कडक लागला तर व्हॅक्यूम कुठंतरी निसटतोय. बूस्टरकडे जाणाऱ्या पाईपमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व (हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा) आणि रबरी पाईप आधी बघा. पाईप जिथं वळतो तिथं वाकवून पाहा, भेगा पडलेल्या असतात. निव्वळ पाईपचा तुकडा बदलून काम भागलं तर देव पावला.

खरं कळतं ते मीटर लावून. व्हॅक्यूमचा मीटर स्वस्तात मिळतो, नाहीतर कुठल्याही चांगल्या फिटरकडे असतो. बूस्टरचा पाईप सोडून थेट पंपाच्या नळीला मीटर लावायचा आणि गाडी आयडलिंगला ठेवायची. मीटरवरचे आकडे पाऱ्याच्या इंचांत असतात. आमच्याकडे आधी काटा १४ इंचांवर रेंगाळत होता, दुरुस्तीनंतर २६ वर जाऊन स्थिर झाला. पण दादा, तू २६ ची वाट बघू नकोस. मिल्ड्युरा जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, आपण साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर. तिथं हवेचाच दाब दोनेक इंचांनी कमी असतो, त्यामुळे २४ आले तरी पंप ठणठणीत समजायचा. हे माहीत नसल्यानं कोणी चांगला पंप बाद करायचा. आणि मीटर २४ दाखवतोय, तरी पॅडल कडकच, असं असेल तर दोष पंपात नाही, बूस्टरमध्ये किंवा मधल्या पाईपात शोधायचा.

आमच्या पंपात दोन्ही लक्षणं होती. काटा वर चढत नव्हता आणि अल्टरनेटरच्या मागून ऑइल झिरपत होतं. पंपाला इंजिनातलंच ऑइल एका बारीक नळीतून येतं आणि जाड पाईपनं परत इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये जातं. मागचं सील गेलं की ते ऑइल अल्टरनेटरच्या आत शिरतं, आतले कार्बन ब्रश चिकट होतात आणि चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. मिस्त्रीला मग वाटतं अल्टरनेटर गेला. दादा, तुझ्या गाडीचा दिवा लुकलुकतो का, तेही बघ.

आता आम्ही दुरुस्ती कशी केली ते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हे विसरू नका, अल्टरनेटरच्या जाड वायरीत इंजिन बंद असतानाही करंट असतो. सगळ्या पाईपांचे फोटो काढून ठेवले. मग पट्टा सैल करून अल्टरनेटर पंपासकट बाहेर घेतला आणि जुन्या गोणपाटावर ठेवला. पंप बोल्टांवर बसवलेला असतो. ते काढले आणि हलक्या हातानं ओढला की सुटतो. मधल्या रबरी ओ-रिंगची जाडी गोल असायला हवी, ती दाबून दाबून चौकोनी झाली होती. नखानं उचलली आणि ती कटकन मोडली.

आप्पा, आतलं काम बघून तुमची आठवण झाली, कारण यंत्रातलं असं साधेपण तुम्हाला आवडतं. गोल घरात एक रोटर, पण तो मधोमध नाही, एका बाजूला सरकवलेला. रोटरला खाचा आणि खाचांत सुट्या पट्ट्या. फिरताना पट्ट्या बाहेर फेकल्या जातात आणि भिंतीला घासत जातात. रुंद बाजूला दोन पट्ट्यांमध्ये हवा भरते, अरुंद बाजूला ती दाबून बाहेर टाकली जाते. आपल्या जुन्या विहिरीवरचं रहाटगाडगं पाणी उपसायचं, तसं हे बूस्टरमधली हवा उपसत राहतं. ऑइल पट्टी आणि भिंत यांच्यामधली फट बुजवतं, शिवाय झीज थांबवतं. म्हणून बारीक नळी घाणीनं तुंबली तर पंप कोरडा फिरतो आणि लवकर संपतो. ती नळी काढून आरपार फुंकून बघाच.

सगळं रॉकेलनं धुऊन कोरडं केलं. बोट फिरवून भिंतीवर ओरखडे आहेत का ते पाहिलं. भिंत गुळगुळीत होती, पट्ट्या मात्र झिजल्या होत्या. भिंतीला खोल ओरखडे असतील तर दादा, दुरुस्तीच्या सुट्या भागांच्या किटच्या नादी लागू नकोस, पंपच नवा घे; पट्ट्या बदलून तिथं काही साधत नाही. भिंत चांगली असली तर किट पुरतं: पट्ट्या, ओ-रिंग, ऑइल सील आणि नळीच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर. पूर्ण अल्टरनेटरच्या मानानं खर्च अगदी थोडा.

बसवताना दोन गोष्टी जपायच्या. आमच्या पंपात पट्टीचं एक टोक गोलसर आहे, ते बाहेर भिंतीकडे यायला हवं. जुन्या पट्ट्या काढण्याआधीच कोणतं टोक कुठं आहे ते बघून ठेवा. आणि सील अल्टरनेटरच्या मागच्या झाकणात, शाफ्टभोवती असतं. ते तिरकं ठोकलं तर पहिल्याच दिवशी गळेल. बरोबर मापाची पाईपची रिंग वर ठेवून, सगळीकडून सारखं, हळूहळू दाबत बसवलं. तुमच्या जावयांनी अल्टरनेटर धरला होता, मी ठोकत होते. ओ-रिंगच्या जागी सिलिकॉनचा लगदा लावू देऊ नका. मिस्त्री लोकांना ते सोपं वाटतं, पण त्याचे कण सुटून ऑइलच्या वाटेत अडकतात. शेवटी पंपात चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल सोडलं, शाफ्ट हातानं फिरवून अडत नाही हे पाहिलं आणि मगच गाडीवर चढवलं.

स्टार्ट केल्यावर आधी फक्त टॉर्च धरून जोडाजोडांवर नजर ठेवली. थेंब नाही. मग मीटर, मग पॅडल. पाय ठेवताच पॅडल मऊ खाली गेलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं! दुसऱ्या दिवशी ट्रेलर जोडून बाग ते पॅकिंग शेड अशी फेरी मारली, एकदम निर्धास्त.

आई, माझ्या हाताला ऑइल लागलं म्हणून काळजी करू नकोस, थंडीत कात्रीनं जे होतं त्यापेक्षा बरंच. ज्वारीचं पीठ इथल्या दुकानात मिळायला लागलंय, भाकरी जमते आता.

दादा, एवढं कर: अल्टरनेटरची मागची बाजू दिसेल असा फोटो पाठव, त्यावरचा नंबर पुसून स्वच्छ दिसेल असा. पॅडलच्या दोन्ही तपासण्या कर आणि काय झालं ते लिही. नंबर कळला की नाशिकला द्वारका भागात किट मिळतं का ते आप्पांनी विचारावं. तोवर लासलगाव-पिंपळगावच्या फेऱ्या थोडक्या मालानं कर. कसाऱ्याच्या पलीकडची भाडी मात्र अजिबात घेऊ नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुमची धाकटी