एस्पोसितो म्हणजे ‘टाकून दिलेला’ नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आडनावांच्या अर्थांची जी चौकट येते ती मी न चुकता वाचतो. या वेळी इटलीतलं आडनाव होतं, ‘एस्पोझिटो’, आणि अर्थ दिला होता ‘टाकून दिलेला, बेवारस’. दोन ओळीत विषय संपला. मला ते वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून लगेच लिहायला बसलोय, पत्र थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनीअर होतो आणि बरीच वर्षं इटालियन क्रूबरोबर काढली. एका जहाजावर तर तीन एस्पोसितो होते, एक बोसन, एक ऑइलर आणि एक कुक, आणि तिघं एकमेकांचे कोणीही लागत नव्हते! स्पीकरवरून नुसतं एस्पोसितो पुकारलं की तिघं यायचे, त्यामुळे शेवटी कामावरूनच हाका मारायला लागलो. मी एकदा कुकला विचारलं की तुमच्याकडे हे आडनाव एवढं कसं काय, तर त्याने रिकामा पत्र्याचा डबा घेतला, एका बाजूने कापलेला, त्यात एक कांदा ठेवला आणि डबा माझ्यासमोर अर्धा फिरवला. कांदा माझ्या बाजूने दिसेनासा झाला आणि त्याच्या बाजूने बाहेर आला. म्हणाला, ही रुओता. तू रस्त्यावर, मी भिंतीच्या आत, तुला मी दिसत नाही, मला तू दिसत नाहीस, पण बाळ माझ्याकडे पोचलं.

रुओता म्हणजे चाक. नेपल्सच्या फोर्चेल्ला भागात अनुन्झियाता नावाची जुनी धर्मसंस्था आहे, चर्च, हॉस्पिटल, अनाथालय सगळं एकत्र, तिथे मी नंतर मुद्दाम गेलो. रस्त्याच्या बाजूने भिंतीत एक लहान खिडकीएवढी जागा दिसते, आता बुजवलेली, आणि आतल्या खोलीत ते लाकडी चाक अजून आहे, शेजारी बाळांना अंघोळ घालायचं दगडी भांडं. बाळ आत आलं की आधी ते धुवायचे, गळ्यात शिशाचा बिल्ला बांधायचे आणि वहीत नोंद करायचे, तारीख, किती वाजता आलं, अंदाजे वय, अंगावर काय कपडे होते, सोबत चिठ्ठी किंवा काही खूण आहे का. आईबापाचं नाव कुणालाच माहीत नसायचं, म्हणून आडनावाच्या जागी एस्पोसितो. नेपल्सची माणसं मात्र या मुलांना ‘मादोन्नाची लेकरं’, म्हणजे मेरीमातेची लेकरं, म्हणायची.

आता शब्दाचं बघा. मूळ लॅटिन क्रियापद एक्स्पोनेरे, म्हणजे बाहेर ठेवणं, मांडणं. त्याच धातूवरून इटालियनमध्ये प्रदर्शनाला एस्पोझित्सियोने म्हणतात. म्हणजे एस्पोसितो म्हणजे बाहेर ठेवलेला, कुणाच्या तरी नजरेस पडावा म्हणून ठेवलेला. ‘फेकलेला’ असा शब्द खरंच आहे, पण तो रोमकडचा, प्रोयेत्ती हे आडनाव, ते प्रोयिचेरे म्हणजे पुढे फेकणं या क्रियापदावरून आलंय. दोन्ही आडनावं सापडलेल्या मुलांचीच, पण नेपल्सवाल्यांनी ‘ठेवलेला’ म्हटलं आणि रोमवाल्यांनी ‘फेकलेला’, आणि आपल्या चौकटीने नेपल्सवाल्यांच्या माथी रोमचा अर्थ मारला. मला हा फरक छोटा वाटत नाही. थंडीत रात्री पोरगं कापडात गुंडाळून त्या भिंतीपर्यंत चालत येणारी बाई त्याला टाकत नव्हती हो, ती ते अशा जागी ठेवत होती की आतलं माणूस उचलेल याची तिला खात्री होती.

म्हणून ते सगळं छान छान होतं असं मी म्हणत नाही. आत आलेली कितीतरी मुलं पहिलं वर्षही काढायची नाहीत, एकेका दाईकडे जास्त बाळं, दूध पुरायचं नाही, साथी यायच्या. जी जगायची त्यातली बरीच आजूबाजूच्या खेड्यांत पगारी दायांकडे दिली जायची आणि काही तिकडेच मोठी व्हायची. मुलींसाठी संस्था लग्नाचा हुंडा सुद्धा बाजूला ठेवायची. आणि आडनाव एकदा लागलं की पुढे मुलांना, नातवंडांना जाणारच, एका मुलाची चार-पाच पिढ्यांत केवढी खटली होतात बघा. त्यामुळे आज हे नेपल्समधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे आणि अख्ख्या इटलीच्या यादीत रोस्सी, रुस्सो, फेर्रारीच्या पाठोपाठ येतं. माझ्या जहाजावर तीन निघाले यात नवल काहीच नव्हतं.

या आडनावाचा डाग मात्र लागायचा, हे खरं. एस्पोसितो म्हटलं की समोरच्याला कळायचं, घराण्यात कोणीतरी चाकातून आलेलं. नेपोलियनचा मेहुणा म्युरा 1808 ते 1815 नेपल्सचा राजा होता, त्याच्या राजवटीत ठरलं की नव्या मुलांना सरसकट हे आडनाव द्यायचं नाही, प्रत्येकाला वेगळं शोधून द्यायचं. चाक स्वतः 1875 मध्ये बंद झालं आणि सबंध इटलीतली उरलेली चाकं 1923 मध्ये कायद्याने गेली. आजचा इटलीचा नियम तर स्पष्ट आहे, 2000 सालच्या नागरी नोंदणीच्या नियमांत लिहिलंय की ज्या बाळाचे आईवडील माहीत नाहीत त्याला जन्माची कहाणी उघडी पडेल असं नाव किंवा आडनाव देताच येत नाही. आणि आईला हॉस्पिटलमध्ये स्वतःचं नाव न नोंदवता बाळंत व्हायचा हक्क आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं.

बाकी शहरांनी आपापले शब्द काढले. मिलानच्या मोठ्या हॉस्पिटलच्या चिन्हावर कबुतर होतं म्हणून तिथली मुलं कोलोंबो, म्हणजे कबुतर, आणि ही पद्धत 1825 पर्यंत चालली. फ्लॉरेन्समध्ये इन्नोचेंती, म्हणजे निष्पाप, हा मला सगळ्यात आवडतो. तिथलं इन्नोचेंती हॉस्पिटल ब्रुनेलेस्कीने डिझाइन केलेलं, 1445 मध्ये सुरू झालं आणि पहिलं बाळ आलं त्याच फेब्रुवारीत, मुलगी होती, तिचं नाव ठेवलं अगाता स्मेराल्दा. आता तिथे म्युझियम आहे, रिटायर झाल्यावर मी आणि बायको गेलो होतो. एका भिंतीत लहान लहान ड्रॉवर आहेत, एकेक ओढायचा आणि बघायचं, आत अर्धं तोडलेलं नाणं, अर्धा पदकाचा तुकडा, मणी, रिबिनीचा तुकडा. बाळासोबत एक अर्धा जायचा आणि दुसरा अर्धा आईकडे राहायचा, कधी परत न्यायला आली तर जुळवून बघता यावं म्हणून. बायको तिसऱ्या की चौथ्या ड्रॉवरनंतर बाजूच्या बाकावर जाऊन बसली, पुढचे उघडवेनात तिला. टाकून द्यायचं असतं तर कोणी नाणं तोडून अर्धं जपून ठेवलं असतं का, तुम्हीच सांगा.

आता हे आडनाव जगभर गेलंय. बोस्टनकडून खेळलेला कॅनडाचा आइस हॉकीपटू फिल एस्पोसितो, 1970-71 च्या सीझनमध्ये 76 गोल, आणि त्याचा भाऊ टोनी गोलकीपर. आपल्याकडे वेबसिरीज बघणारी पोरं ज्याला ओळखतात तो अमेरिकन नट जियानकार्लो एस्पोसितो, त्याचे वडील नेपल्सचेच. मार्गेरिता पिझ्झाची 1889 ची जी गोष्ट सांगतात त्यातला पिझ्झावाला राफाएले हाही एस्पोसितोच, ती गोष्ट सगळे इतिहासकार मानत नाहीत ही बाब वेगळी. अर्थात आज एस्पोसितो आहे म्हणजे त्याचा पूर्वज अनुन्झियाताच्याच चाकातून आला असं नाही, चाकं आणि अनाथालयं दक्षिणेत ठिकठिकाणी होती.

उच्चाराचंही सांगतो. जोर ‘पो’ वर येतो आणि शेवट ‘तो’, इंग्रजी स्पेलिंग बघून आपण ‘टो’ लिहितो. इटालियन टी आपल्या त च्या जवळचा आहे आणि देवनागरीत तो सरळ लिहिता येतो, मग लिहूया ना. मधला स उत्तरेकडे झ सारखा ऐकू येतो, नेपल्सवाले मात्र स्वच्छ स म्हणतात.

आमच्या कुकच्या मुलीचं नाव नुन्झिया होतं, अनुन्झियाताचं घरातलं रूप, तिचा फोटो गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या बरण्यांच्या वर चिकटवलेला असायचा. पुढच्या रविवारी चौकटीत ‘टाकून दिलेला’ च्या जागी ‘बाहेर ठेवलेला’ एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनीअर