आई-बाबा, माझा पत्ता कुणालाही सांगू नका

बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई, तू रडायला लागतेस. म्हणून लिहून पाठवतेय. दोघांनी वाचा, मग दादालाही दाखवा.

माझ्या मागे लागलेला तो मुलगा घरी आला तेव्हा तू त्याला चहा दिलास, त्यात तुझं काही चुकलं नाही. 'मी तिच्या क्लासमधला' म्हणत पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभ्या राहिलेल्याला आपल्याकडे कोण परत पाठवतं? पण बोलण्याच्या ओघात त्याला कळलं की मी शहापुरात राहते आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने खानापूरला येते. पुढच्याच शनिवारी तो बेळगावच्या स्टँडवर हजर. तेव्हा आता कुणीही विचारो, मैत्रीण म्हणो, बँकेतून म्हणो, कुरिअरवाला म्हणो, माझी खोली, नंबर, ऑफिसची वेळ काही सांगायचं नाही. 'तुमचा नंबर ठेवून जा, ती करेल,' बस्स. आणि बाबा, स्थळांसाठी तुम्ही जो बायोडाटा फिरवताय ना, त्यात माझा मोबाईल नंबर आहे, ऑफिसचं नाव आहे. तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेलाय ते देवालाच माहीत! दोन्ही काढा, तुमचा नंबर घाला. भावकीच्या ग्रुपवर माझे फोटोही सध्या नकोत.

'त्याच्या चुलत्याला भेटून मिटवू,' असं तुम्ही म्हणालात. कृपा करून जाऊ नका. मी त्याला एकदाच, स्पष्ट शब्दांत लिहिलंय: मला तुमच्याशी कसलाही संपर्क नको, पुन्हा मेसेज करू नका. त्यानंतर एका अक्षरानेही उत्तर दिलेलं नाही, शिवीसुद्धा नाही. वीस फोनांनंतर एकविसावा उचलला तर तो एवढंच शिकणार की वीस वेळा करावा लागतो. आणि दोन्ही घरची वडीलधारी माणसं एकत्र बसली तर तुमच्या लेखी ती समज देणं असेल, त्याच्या डोक्यात मात्र बोलणी सुरू झालेली असतील.

तुमची दुसरी शंका, पोरगा चंदगडकडचा, महाराष्ट्रातला, कर्नाटकचे पोलीस काय करणार? बाबा, सीमा भाषेची असेल, राज्याची असेल, हा कायदा सगळ्या देशाला एकच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 78, 1 जुलै 2024 पासून लागू. त्याआधीही 2013 पासून हा गुन्हा होताच. नको म्हटल्यावरही पाठलाग करणं, पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, इंटरनेटवर पाळत ठेवणं, सगळं त्यात बसतं. तो बेळगावात माझ्या मागे आला, म्हणून तक्रार बेळगावात. समजा हद्दीचा घोळ घातलाच, तरी कोणत्याही ठाण्याला झिरो एफआयआर, म्हणजे हद्द दुसऱ्याची असली तरी तक्रार, नोंदवून घ्यावी लागते. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, वाचून दाखवायचा असतो, प्रत फुकट मिळते. एफआयआर कानडीत होईल, पण मला शाळेत शिकवलेलं कानडी कधी नव्हे ते कामाला येईल.

खोटी आशा मात्र धरू नका. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा असली तरी गुन्हा जामीनपात्र आहे. तो लगेच बाहेर येईल, कदाचित चिडून. पुन्हा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत, आणि तिथे जामीन हक्काने मिळत नाही. म्हणून पहिली तक्रार कागदावर असणं महत्त्वाचं. ती केली म्हणून काळजी घेणं सोडता येणार नाही.

माझी तयारी चालू आहे. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, कोण बरोबर होतं ते लिहिते. मेसेज एकही पुसलेला नाही, सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढून दादाला पाठवलेत. फोनमधलं लोकेशन शेअरिंग बंद केलं, पासवर्ड बदलले, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या कुठल्या यंत्रावर उघडं आहे का तेही पाहिलं. घरमालकीणबाईंना आणि ऑफिसच्या वॉचमनला त्याचा फोटो दाखवलाय. (बाईंनी तर लाटणं तयार ठेवलंय, त्यांना आवरणं हे वेगळंच काम!) कुणी मागे आहे असं वाटलं तर खोलीवर जायचं नाही, गर्दीच्या दुकानात शिरायचं आणि 112 लावायचा.

आणि 'नोकरी सोड, घरी ये' हे आता नको. घर त्याला माहीत आहे. फाट्यापासून आपल्या दारापर्यंत अंधार पडल्यावर चिटपाखरू नसतं. इथे निदान हाक मारली तर चार माणसं येतात.

बाबा, तक्रारीला तुम्ही बरोबर असावं असं मला वाटतं. बोलायचं मी, तुम्ही नुसते शेजारी बसा. येताना आधार कार्ड आणा. आई, त्याने पेढे आणले तो दिवस कोणता होता, काय काय विचारलं, आठवेल तसं दादाकडून लिहून ठेव. तुझाही जबाब घेतील कदाचित. या वेळी मी शनिवारी येणार नाही, कधी येणार ते दादालाच कळवीन, तो गाडी घेऊन फाट्यावर थांबेल. शेजाऱ्यांनी विचारलं तर 'ऑफिसात काम आहे' म्हणा.

बायोडाटाचं तेवढं आजच करा.

तुमची,
सुमी