काका, निवेदनात मालवाहतुकीच्या भाड्याचं कलम आधी घ्या

रेजायना, सस्कॅचवान, कॅनडा

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचा मेसेज मिळाला. अधिवेशनावर मोर्चा न्यायचा आहे, निवेदनाचा मसुदा सुरू आहे, आणि "तिकडच्या शेतकऱ्याईले सरकार काय काय देते ते एका कागदावर लिहून धाड" म्हणून हुकूम. एका कागदात ते मावत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. आईलाही वाचून दाखवा, नाहीतर म्हणेल, पोरीला काकाच दिसतो.

आमच्या हिशेबाच्या ऑफिसात निम्मं गिऱ्हाईक शेतकरी आहे. इथे सरासरी शेत सतराशे एकरांच्या वर. तुम्ही म्हणाल, मग यांना कसलं रडू? पण गहू विकल्याच्या पावत्या माझ्या टेबलावर येतात, त्या बघितल्या की तुमची कळमना बाजारातली विक्रीची पट्टी आठवते. वर बंदरातला भाव, आणि त्यातून रेल्वेचं भाडं, कोठाराचा खर्च, सफाई. व्हँकुव्हरचं बंदर दीड हजार किलोमीटरच्या पलीकडे. भाडं रेल्वेला भरते धान्यकंपनी, पण कापून घेते शेतकऱ्याच्या भावातून. तुमच्या पट्टीत निदान हमाली-तोलाई दिसते. वावरातून कळमन्यापर्यंतचं गाडीभाडं तर कुठल्याच कागदावर येत नाही, ते तुम्ही आधीच खिशातून दिलेलं असतं.

आता मुद्द्याचं. १८९७ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला क्रोज नेस्ट खिंडीतून लाइन टाकायला सरकारी पैसा हवा होता. सरकारने दिला, पण बदल्यात लिहून घेतलं की पूर्वेकडे जाणाऱ्या धान्याचं भाडं शंभर पौंडांमागे ३ सेंटने उतरवायचं, आणि ते कायमचं. १९२५ साली हा दर कायद्यात बसला. इथले म्हातारे शेतकरी त्याला नुसतं 'क्रो' म्हणतात. घरातल्या कर्त्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात.

नुसत्या दराने भागत नव्हतं, डबे मिळायला हवे होते. रेल्वे डबे द्यायची कोठारवाल्या कंपन्यांना, आणि शेतकरी आपला गहू घेऊन थांबलेला. १९०१ मध्ये इथून जवळच इंडियन हेड गावी शेतकऱ्यांनी संघटना बांधली. मागणीच्या क्रमाने डबे द्यायचे असं कायद्यात आलं. तरी पुढच्या वर्षी सिंटालुटा स्टेशनच्या एजंटाने क्रम मोडलाच. संघटनेने सरळ खटला भरला आणि जिंकला. दंड ५० डॉलरचा, पण निकाल वरच्या कोर्टातही टिकला. शेतकऱ्याने स्वतःच्या नावावर डबा मागवायचा हक्क आजही कायद्यात आहे. मला यातलं आवडतं ते हे की त्यांनी अनुदान मागितलंच नाही. नियम मागितला, आणि तो मोडल्यावर कोर्टात गेले.

१९२५ नंतर जवळपास साठ वर्षं क्रोचा दर हलला नाही, महागाई मात्र वाढत गेली. रेल्वे म्हणू लागली, धान्य नेण्यात तोटा आहे, डबे-रूळ दुरुस्त करणार नाही. १९८३ मध्ये नवा कायदा आला: भाडं वाढेल, पण फरक सरकार भरेल. तो पैसा शेतकऱ्याच्या हाती न देता थेट रेल्वे कंपन्यांना जायचा, वर्षाला ५० कोटी डॉलरहून जास्त. यावर शेतकऱ्यांतच फूट पडली. नॅशनल फार्मर्स युनियनसारखे लोक म्हणत, क्रोला हात लावू नका. शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या गुरं पाळणाऱ्यांना वाटे, भाडं स्वस्त म्हणून सगळं धान्य बाहेर जातं आणि आमचा चारा महागतो. ही भांडणं चालू असताना सरकारला घाई नव्हती.

१९९५ च्या अर्थसंकल्पात सगळंच संपलं. तूट कमी करायची होती, जागतिक व्यापाराच्या नव्या नियमांचं कारणही हाताशी होतं. १६० कोटी डॉलर एकदाच वाटले आणि फाइल बंद केली. वाटले कोणाला, तर ज्याच्या नावावर जमीन त्याला. बटईने करणाऱ्याने आपला वाटा मालकाकडून मागून घ्यायचा. आपल्याकडे सातबारा पाहून मदत येते आणि मक्त्याने वाहणारा कोरडा राहतो, तेच. ऑगस्टपासून पूर्ण भाडं शेतकऱ्यावर आलं, बहुतेकांचं दुपटीच्या वर गेलं. एकदाच मिळालेली रक्कम कर्जात नाहीतर ट्रॅक्टरमध्ये गेली. भाडं दरवर्षी आहेच.

त्यानंतर फाट्यांच्या लाइनी भराभर बंद झाल्या. गावोगावची लाकडी कोठारं पाडली, मोजकी सिमेंटची अवाढव्य उभी राहिली. आपली नागभीडची छोटी गाडी २०१९ ला थांबली ती निदान ब्रॉडगेज करायला. इथले रूळ उखडूनच टाकले. आता धान्य स्वतःच्या ट्रकने कोसोगणती न्यावं लागतं, आणि तो खर्च रेल्वेच्या कुठल्याच हिशेबात धरलेला नाही.

सन २००० पासून एक लगाम आहे: दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांनी पश्चिमेकडच्या धान्यातून वर्षाला किती कमवायचं त्याची मर्यादा सरकारी यंत्रणा ठरवते. जास्त कमावलं तर वरची रक्कम दंडासह पीकसंशोधनाच्या निधीत भरायची. ज्याच्या पावतीतून कापली त्याला ती परत नाही, पण संघटना ही मर्यादा सोडायला तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तरी २०१३ मध्ये विक्रमी पीक आलं आणि हिवाळ्यात माल कोठारातच अडकला, बंदरात जहाजं ताटकळली. दोन्ही कंपन्यांनी आठवड्याला प्रत्येकी ५ लाख टन हलवलंच पाहिजे, असा हुकूम सरकारला काढावा लागला.

तुम्ही विचारलेल्या योजनांचं थोडक्यात सांगते. पीकविम्याच्या हप्त्यात शेतकऱ्याचा वाटा ४० टक्के, बाकी केंद्र आणि प्रांत अशी दोन्ही सरकारं भरतात. दुसरी ॲग्रिस्टॅबिलिटी, म्हणजे शेतीची शिल्लक फार घसरली तर भरपाई. समजा तुमची नेहमीची शिल्लक एक लाख डॉलर. ती ७० हजारांच्या खाली गेली तरच योजना जागी होते. ४० हजारच उरले, तर ७० च्या खालचे ३० हजार, २०२५ सालच्या नियमाने त्याचे ९० टक्के म्हणजे २७ हजार मिळतील. आधी १५ टक्के घट झाली तरी मदत सुरू व्हायची, २०१३ मध्ये ते ३० वर नेलं, आणि पूर्ववत करा म्हणून संघटना अजून भांडतात. फॉर्म इतका किचकट की आमच्या ऑफिसचं पोट त्यावर चालतं. पैसे हाती येईतो पुढचं वर्ष उजाडतं. बरेच जण नावच नोंदवत नाहीत.

म्हणून तिकडे सगळं फुकट मिळतं असं भाषणात म्हणू नका, कोणी जाणकार उठला तर पंचाईत. आपल्या उदाहरणांनी बोला. एक रुपयाचा विमा २०२३ ला आला, २०२५ ला गेला. नागपुरातून संत्री घेऊन दिल्लीला किसान रेल सुटली २०२० मध्ये, अर्ध्या भाड्यात, ती सवलतही दोन-तीन वर्षांत संपली. घोषणा करून दिलेलं घोषणा न करता काढून घेता येतं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, पण खरेदी केंद्रापर्यंतची वाहतूक त्यातून वजा केली तर हाती काय राहतं, ते गावातल्या दहा जणांच्या पावत्यांवरून मांडा. तुमच्या मसुद्यात मदत, कर्जमाफी, हमीभाव असा क्रम आहे आणि वाहतूक सर्वात शेवटी, 'इत्यादी'च्या शेजारी. ती वर घ्या. मागणी अशी लिहा की भाड्याची सवलत कायद्यात किंवा निदान लेखी नियमात हवी, दर किती आणि मुदत किती ते त्यात हवं. आणि पैसा माल पिकवणाऱ्याच्या नावाने यावा, मक्त्याने करणाऱ्यासकट. या शेवटच्या वाक्यावर आपल्याच गावातले जमीनवाले कुरकुरतील, तेव्हा ते मोर्चाआधी घरात बसून मिटवा, यशवंत स्टेडियमवर नको.

मसुद्याचा फोटो पाठवताना उजेडात काढा, मागचा वाचताच आला नाही. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिस अडवतील तेव्हा पुढे होऊन हुज्जत घालू नका, बीपीच्या गोळ्या खिशात ठेवा. काकूंना नमस्कार. तूर काय म्हणते, फुलावर आली का ते कळवा.

तुमची पुतणी