मिलिंग मशीनचा प्रिंटर : वेगाचे सोडा, हीटरचे बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरी बनवलेल्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मिलिंग मशीनवर, म्हणजे फिरत्या हत्याराने कातणाऱ्या मशीनवर, थ्रीडी प्लास्टिक प्रिंटिंग (वितळलेले प्लास्टिक थरावर थर टाकून वस्तू घडवणे) करण्याबद्दल आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. मिलिंग मशीन हळू चालते, तेव्हा या भानगडीत पडू नका, असा त्याचा सूर. मी टूलरूममध्ये आयुष्य काढले आहे आणि गेल्या वर्षी असेच एक मशीन प्रिंटिंगला लावले. हळू चालण्याचा त्रास त्यात सगळ्यांत कमी होतो. ज्या गोष्टीने माझी झोप उडवली तिचा लेखात उल्लेखच नाही.

आधी वेगाचे. माझ्या मशीनच्या लीडस्क्रूचा (गाडी सरकवणाऱ्या आटेदार दांड्याचा) पिच २ मिमी, म्हणजे एका फेरीला २ मिमी चाल. मोटर मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या पुढे गेली की स्टेप चुकवायला लागते, म्हणजे सेकंदाला २० मिमीवर गाडी अडते. जुने तयार प्रिंटरही आरामात ५०-६० गाठायचे. पण ०.४ मिमीचे नोझल (प्लास्टिक बाहेर पडायचे तोंड) काढून ०.८चे लावले आणि थर ०.२ऐवजी ०.४चा ठेवला, की त्याच वेगात चौपट प्लास्टिक पडते. ४० घनसेंमीच्या जॉबला जिथे सात तास जायचे तिथे हिशेबाने पावणेदोन तास. बारीक काम होत नाही, कबूल. मला जिग (काम धरून ठेवायची साधने) आणि ब्रॅकेट करायचे असतात.

उलट मिलिंगचा एक फायदा लेखकाच्या ध्यानात आलेला दिसत नाही. हॉटएंड (प्लास्टिक वितळवणारा भाग) चढवण्याआधी मी मशीनच्याच स्पिंडलने (कातायचे हत्यार फिरवणाऱ्या भागाने) बेडवरचा एमडीएफ एक हात फिरवून सपाट करून घेतला. बेड आपोआप मशीनच्या चालीशी जुळला. त्यावर काच ठेवली. बेड गरम होत नाही, म्हणून फक्त पीएलए हे प्लास्टिक वापरतो. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचे कोपरे गार काचेवर उचलले जातात.

बॅकलॅशने (दिशा उलटताना स्क्रू आणि नटमध्ये जाणवणाऱ्या ढिलाईने) मात्र छळले. गोल भोके लंबगोल येत होती. डायल गेज लावून पाहिले तर नटमध्ये ०.१५ मिमीचा खेळ. स्प्रिंग घालून दुहेरी नट बसवला तेव्हा भोके गोल झाली. हळू प्रिंटिंगचा आणखी एक त्रास म्हणजे फिलामेंट (प्लास्टिकची तार) हॉटएंडमध्ये रेंगाळते, उष्णता वर चढते, ते गळ्यातच मऊ होऊन अडकते. हीटसिंकचा (हॉटएंडचा वरचा भाग गार ठेवणाऱ्या धातूच्या पंखड्यांचा) पंखा सतत चालू ठेवला आणि तापमान २१०वरून १९५ अंशांवर आणले. प्लास्टिक सावकाश जात असेल तर तेवढी उष्णता पुरते.

आता खरा मुद्दा. मिलिंगसाठी घरोघरी चालणारे जीआरबीएल हे फर्मवेअर (बोर्डावर चालणारा प्रोग्रॅम) फक्त अक्ष हलवते. तापमान त्याच्या गावीही नसते. म्हणून सुरुवातीला मी हीटर वेगळ्या कंट्रोलरवर, वेगळ्या सप्लायवर घेतला आणि फिलामेंट हाताने ढकलून नोझल तपासत होतो. तेवढ्यात थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) खाचेतून निसटला. कंट्रोलरला वाटले नोझल गार पडले, त्याने हीटरला करंट देतच ठेवला. वास आला तसे मी आणीबाणीचे लाल बटण दाबले. मोटरी थांबल्या, स्पिंडलचा रिले सुटला. हीटर चालूच! त्या बटणाशी त्याचा काही संबंधच नव्हता. वायरिंग माझेच, चूकही माझीच. आता हीटरचा सप्लाय त्याच बटणातून जातो, थर्मिस्टर स्क्रूने आवळला आहे आणि बोर्डावर मार्लिन हे प्रिंटरचे फर्मवेअर घालून त्यातले थर्मल रनअवे संरक्षण चालू ठेवले आहे: हीटर चालू असून तापमान अपेक्षेप्रमाणे वाढले नाही, की ते सगळे बंद करते.

जाता जाता एक दुरुस्ती. घरगुती प्रिंटिंग तयार मशिनी बाजारात आल्यावर सुरू झाले, असे लेखात म्हटले आहे. बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी रेपरॅप हा घरी प्रिंटर बांधण्याचा खुला प्रकल्प २००५मध्येच सुरू केला होता, आणि त्याचा पायाच मुळी मशीन स्वतः बांधण्याचा होता.

पुढच्या पुरवणीत हीटरच्या वायरिंगवर निदान एक चौकट छापावी, ही विनंती. लेख वाचून कोणीतरी स्पिंडल उतरवायला घेतलेच असेल.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर