"कुठे थांबलीस?" असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे सगळं तोंडावर सांगायला हवं होतं खरं तर, पण वाचनालयाच्या काउंटरपाशी मागे माणसं उभी असतात आणि मी नुसतं थँक्यू ताई म्हणून निघून येते. म्हणून आज लिहूनच टाकते, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहिते, कारण तुम्ही काय केलंत ते तुम्ही स्वतः कुणाला सांगणार नाही हे मला माहितीये.

मागच्या वर्षी मी तुमच्याकडे मेंबरशिप बंद करायला आले होते. आई गेल्यापासून वाचणं बंदच झालं होतं, पुस्तक उघडायचं, तीच ओळ चारदा वाचायची, काही डोक्यात शिरायचं नाही, शेवटी मिटून ठेवायचं. डिपॉझिट परत द्या म्हटलं तर तुम्ही म्हणालात देते की, पण आधी हे एक ने. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे. आणि मध्येच एक चिठ्ठी घातलेली, त्यावर पेन्सिलीने एकच शब्द, "इथून".

मला आधी पटलंच नाही, पुस्तक मधून कुठे सुरू करतात का? पण घरी जाऊन तिथूनच वाचायला घेतलं. 1895 साली त्यांचे पती ना. वा. टिळक ख्रिस्ती होतात आणि लक्ष्मीबाई मागे एकट्या राहतात तिथे होती ती चिठ्ठी. माणूस जिवंत आहे, तरी आपल्यासाठी गेल्यासारखाच, आणि आजूबाजूला सांत्वनाला आलेली माणसं. इतकं साधं लिहिलंय हो, बाई शेजारी बसून बोलतायत असं. मी त्या रात्री किती पानं वाचली मोजली नाहीत, पण एकही ओळ परत वाचावी लागली नाही एवढं लक्षात आहे.

मग मी सुरुवातीला गेले, आणि बरं झालं उलट्या क्रमाने वाचलं. सुरुवातीला लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते सोवळं, घरात येईल ती वस्तू धुवून घ्यायचं वेड, त्यात आईचे हाल. ते वाचताना मला हसू येत नव्हतं, कारण याच घरातली मुलगी पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने याचा आपला आपण विचार करते आणि सोवळं सोडून देते हे मी आधीच वाचलं होतं ना. नवऱ्याने सांगितलं म्हणून सोडलं नाही, स्वतःला पटलं तेव्हाच सोडलं. त्या पानावर मी खूप वेळ बसून राहिले.

पुस्तक परत केलं तेव्हा तुम्ही आवडलं का असं विचारलंच नाही. कुठे थांबलीस गं, एवढंच विचारलंत. ताई, माझं वाचन परत सुरू झालं ते या प्रश्नाने. आवडलं का विचारलं की माणूस हो म्हणून मोकळा होतो. कुठे थांबलीस विचारलं की खरं सांगावंच लागतं, आणि त्यासाठी आधी खरं वाचावं लागतं. तर त्यानंतरच्या सगळ्या पुस्तकांत मी कुठे थांबले ते आता एकदाच सांगते.

कृष्णात खोतांच्या रिंगाण कादंबरीत मी पहिल्या वीसेक पानांतच थांबले होते. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय म्हणून मोठ्या उत्साहाने नेलं, पण ती बोली माझ्या कानाला सवयीची नाही, दमले. तुम्ही म्हणालात मोठ्याने वाच. दार लावून मोठ्याने वाचलं आणि वाक्यं आपोआप सुटायला लागली. धरणात गाव गेलेलं, माणसं उठवलेली, आणि मागे राहिलेल्या जनावरासाठी तो माणूस परत जातो. एका म्हशीसाठी जीव एवढा तुटू शकतो हे मला कुणी समजावून सांगितलं असतं तर कळलं नसतं. माझं स्पष्ट मत, काही ठिकाणी लांबलंय. तरी त्यातला एक शब्दही कमी करा असं मी म्हणणार नाही.

नंदा खरेंचं उद्या मात्र मी पूर्ण वाचूनही बाहेरच थांबले. 2014 चं पुस्तक, आणि पाळत ठेवणारी यंत्रणा, कंपन्यांच्या हातात गेलेलं जगणं हे सगळं आज वाचताना अंगावर येतं. अकादमीचा पुरस्कार त्यांनी नाकारला होता, त्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. पण कादंबरीतली माणसं मला कधीकधी मुद्दा मांडायला उभी केल्यासारखी वाटली, त्यांच्यात जीव अडकला नाही. विचार पटले, माणसं लांब राहिली. तुमचं मत वेगळं आहे हे माहितीये, आपण बोलू यावर.

मधे एक अनुवादित थ्रिलर आणि एक पहाटे उठून यशस्वी व्हा छापाचं पुस्तक पण नेलं होतं. थ्रिलर दोन रात्रीत संपलं आणि विसरले. दुसरं तिसऱ्या प्रकरणात सोडलं.

गोडसे भटजींचं माझा प्रवास, हे तर मी आयुष्यभर का वाचलं नाही असं झालं मला. शाळेत नाव ऐकलं होतं तेवढंच. हा माणूस ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल म्हणून निघतो आणि सापडतो 1857 च्या धामधुमीत, झाशीचा वेढा आतून बघतो. पुस्तक छापून आलं 1907 ला. मी थांबले ती विहिरीपाशी. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर राणी तहानेने व्याकुळ होऊन येते, भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती त्यांना काढू देत नाही, मीच काढते म्हणते. हातात मातीचं मडकं, आणि ओंजळीने पाणी पिते. घोड्यावरची, तलवार उपसलेली राणी आपण लहानपणापासून बघतोय, पण ही थकलेली, धुळीने भरलेली बाई मला पहिल्यांदा दिसली. आणि भटजी ते किती सरळ सांगतात, भारावून जाऊन एक विशेषण जास्त लावत नाहीत.

नेमाड्यांची कोसला कादंबरी परत वाचायला तुम्हीच लावलंत. कॉलेजात असताना मी पूर्णपणे तिच्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकरच्या बाजूने होते, वडील म्हणजे व्हिलन. या वेळी वडिलांसाठी वाईट वाटत राहिलं, आणि पांडुरंगचं मेसमधलं, हॉस्टेलमधलं पैसा उधळणं वाचताना चिडचिड झाली. हॉस्टेलचा भाग मला आता थोडा जास्त वाटतो, 1963 मध्ये तो किती नवा असेल हे समजूनसुद्धा. पण त्याच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण... तिथे काही बदललं नाही ताई. विशीत जिथे पुस्तक खाली ठेवलं होतं तिथेच या वेळीही ठेवलं. फरक एवढाच की आता मला माहितीये घरातलं माणूस गेल्यावर डोकं असंच असंबद्ध चालतं, वाक्यं अशीच तुटतात. नेमाड्यांना पंचविशीच्या आसपास हे कसं कळलं?

आणि अरुण कोलटकरांचा कवितासंग्रह, भिजकी वही. ही मी सलग वाचू शकत नाही, स्पष्टच सांगते. प्राचीन अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया, इजिप्तची देवी आयसिस, व्हिएतनाम युद्धाच्या फोटोतली ती जळत पळणारी किम, कुठकुठल्या काळातल्या रडणाऱ्या बायका एका वहीत. एक कविता वाचली की दोन दिवस दुसरी वाचवत नाही. काही संदर्भ शोधून वाचावे लागले, काही अजून कळलेलेच नाहीत. आईच्या आजारपणात मी एकदाही रडले नव्हते, सगळे म्हणायचे किती खंबीर आहे. या वहीने मला रडवलं, आणि त्यानंतर मला शांत झोप लागली.

चिठ्ठी मी जपून ठेवलीये, ती परत मागू नका. डिपॉझिट राहू दे तुमच्याकडेच. आणि भिजकी वहीची तारीख उलटून गेलीये, अजून शेवटच्या काही कविता राहिल्यात, तेवढी रिन्यू करून ठेवाल का? शनिवारी येते तेव्हा सांगते कुठे थांबले.

तुमची,
काउंटरपाशी न बोलता निघून जाणारी