थंडी बनून राहिली होती, खाली येत नव्हती

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. न विचारता कुणाचं नाव चारचौघांत घेणं मला पटत नाही. पण नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपुरात मानेवाड्याला एका जिन्यात एका बाईनं तुम्हाला अडवलं होतं. तुम्ही आमच्या शेजाऱ्यांच्या कूलरची मोटर बसवून खाली उतरत होता. एवढ्यावरून तुम्हाला ओळख पटेल. ती बाई मी.

त्या दिवशी तुम्ही आमचा बिघडलेला फ्रिज नीट करून दिलात, मी दारातूनच "थँक्यू भाऊ" म्हणाले आणि तुम्ही गेलात. ते फार कमी पडलं असं तेव्हापासून वाटतं आहे, म्हणून आज सावकाश लिहिते.

आमच्या घरी फ्रिज म्हणजे आधी सासूबाईंचं इन्सुलिन, मग दूध-भाजी. आईंना दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. नागपूरच्या मे महिन्यात, कूलर चालू असतानाही घरातली हवा त्याच्या आसपास फिरकत नाही. आणि त्या तीन दिवसांत आमच्याकडे होतं काय, तर वर फ्रीझरमध्ये दगडासारखा बर्फ आणि खाली कोमट कपाट. सकाळी आणलेलं दूध संध्याकाळी फाटायचं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, दुपारपर्यंत काळा पडायचा. वरची थंडी आईंच्या काही कामाची नव्हती, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरता येत नाही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गरम झालेल्या बाटल्या टाकून द्या, नव्या आणा म्हणून सांगितलं. त्या नव्या बाटल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी मी जिना चढत होते.

तुमच्या आदल्या दिवशी एक जण येऊन गेले होते. त्यांनी कॉम्प्रेसरवर हात ठेवला, खालचं दार उघडलं आणि गॅस गेला म्हणाले. 3800 रुपये सांगितले. काही उघडलं नाही, काही मोजलं नाही. मी जवळपास हो म्हणाले होते. पैसे काढून ठेवले होते.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "ताई, वर बर्फ कसा जमून राहिला?" छान जमतो म्हटलं, तर तुमचा चेहराच बदलला. "मग गॅस नाही गेला. गॅस गेला असता तं आधी वरचंच बंद पडलं असतं."

मग फ्रीझरच्या दाराचा तो छोटा स्विच अंगठ्यानं दाबून धरलात आणि कान आत घातलात. पंखा फिरत होता, पण कुठेतरी घासल्यासारखी खरखर होती. ती खरखर मी आठ दिवसांपासून ऐकत होते, कूलरचा आवाज समजून सोडून देत होते. नंतर भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक कपटा फाडून खालच्या कप्प्यात मागच्या झरोक्यासमोर धरलात. कपटा हलला नाही. तेव्हा तुम्ही जे वाक्य बोललात ते मला कायमचं पाठ झालं आहे: "थंडी तं बनून राहिली ताई, खाली जाऊनच नाही राहिली."

माझ्याकडे हा फ्रिज अकरा वर्षं आहे. त्यात थंडी बनवणारी जाळी एकच असते, ती वर फ्रीझरच्या मागे असते, आणि खालच्या कप्प्याला पंख्यानं ढकललेली हवाच काय ती मिळते, हे मला त्या दिवशी कळलं. मी आणखी एक चूक करून बसले होते. खाली गरम होतंय म्हणून फ्रीझरमधला नॉब शेवटच्या आकड्यावर नेला होता. आमच्या मॉडेलमध्ये तो नॉब हवेचा वाटा ठरवतो, वर किती आणि खाली किती. तो पुढे नेला की खालची वाट आणखी बारीक होते. तुम्ही न रागावता तो मधे आणून ठेवलात.

प्लग काढून तुम्ही फ्रीझरचं मागचं पॅनल उघडलंत तेव्हा आईसुद्धा काठी टेकत पाहायला आल्या. जाळी दिसतच नव्हती. पांढरी भिंत होती नुसती, वरपासून खालपर्यंत. तुम्ही म्हणालात, सगळीकडे सारखा बर्फ आहे हे चांगलं लक्षण. गॅस कमी असता तर एका कोपऱ्यातच जमला असता, बाकी जाळी कोरडी राहिली असती. मी घाईनं स्वयंपाकघरातून सुरी आणली, तर तुम्ही हात आडवा केलात. "खुपसू नका काही. ॲल्युमिनियमची नळी हाय, भोक पडलं का मग खरंच गॅस जाते." दोन्ही दारं उघडी टाकून, समोर टेबलफॅन लावून, खाली जुने पंचे अंथरून तुम्ही दुसऱ्या कामाला गेलात. चार तास तो बर्फ ठिबकत होता. मी बादल्या ओतत होते.

बर्फ वितळल्यावर फ्रिज तसाच चालू करून दिला असता, तरी त्या संध्याकाळी तो थंड झाला असता. आम्ही खुशीनं पैसे दिले असते. आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच झालं असतं. हे तुम्हीच मला सांगितलंत. अशा फ्रिजमध्ये जाळीवरचा बर्फ काही तासांनी आपोआप वितळायला हवा. टायमर कॉम्प्रेसर थांबवतो, हीटर लागतो, पाणी मागच्या नळीतून खाली जातं. ते का होत नव्हतं, हे शोधायला तुम्ही भर दुपारी परत आलात. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मीटर लावून हीटर पाहिलात, ठीक. फ्यूज ठीक. टायमर पेचकसानं हळूच फिरवलात, तो टक् करून पुढे गेला. राहिला तो जाळीला चिमट्यानं अडकवलेला बायमेटल, म्हणजे थंड-गरम झालं की आपोआप जोडला-तुटला जाणारा स्विच, दोन वायरींचा, रुपयाच्या नाण्याएवढा. तो तुम्ही काढलात आणि माझ्याकडे काचेचा ग्लास, बर्फ आणि मीठ मागितलंत. मीठ कशाला, म्हणून मी थांबले. नुसत्या बर्फानं भागत नाही, शून्याच्या बरंच खाली जायला हवं, म्हणालात. लहानपणी पॉटमध्ये आइसक्रीम फिरवताना बर्फावर मीठ टाकायचो ते लगेच आठवलं. बायमेटल त्या बर्फात पाच मिनिटं राहिला. मीटर गप्पच. थंडीत त्यानं जोडलं जायला हवं होतं, तेव्हाच हीटरला वीज मिळते. तो जोडला जातच नव्हता.

बर्डीच्या बाजारातून तुम्ही नवा आणलात आणि बसवण्याआधी तोही त्याच ग्लासात धरलात. थोड्या वेळानं मीटर वाजलं. मग बाहेर काढून माझ्या मुठीत दिलात. मूठ गरम, आणि काही क्षणांत आतून बारीक "टक्" लागलं बोटांना. मीटर थांबलं. आईंनी पण हातात घेऊन पाहिलं. इतकी वर्षं घरात मेकॅनिक येतात, पण काय बिघडलं ते आमच्या तळहातावर ठेवून दाखवणारे तुम्ही पहिले.

जाताना पाण्याची नळी कोमट पाण्यानं मोकळी केलीत, दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढून पाहिलीत, आणि झरोक्यासमोरचा माझा कणकेचा डबा उचलून बाजूला ठेवलात. सगळे मिळून 650 रुपये घेतलेत. मी वरचे देत होते, तुम्ही मागे सारलेत. पन्हं मात्र दोन ग्लास घेतलंत, आणि ताटलीत ठेवलेली लोणच्याची फोड चाखून "मोहरी घरी कुटली का?" असं आईंना विचारलंत. त्या दिवशी इतर कुणी त्यांच्याशी आजाराशिवाय दुसरं काही बोललं नव्हतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवला. दुसऱ्या सकाळी 6, तिसऱ्या सकाळी 4. त्यानंतर आठ दिवस गेले, पंधरा गेले, मृग संपला, आता आषाढ लागला आहे. मी अजूनही रोज सकाळी पाहते. 4, कधी 5. इन्सुलिन काकूंकडून खाली आलं. आधी दारात ठेवत होते, आता मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता.

या पावसाळ्यात आईंनी कैरीचं लोणचं नेहमीपेक्षा जास्त घातलं. मोहरी घरीच कुटलेली. त्यातली एक बरणी त्यांनी दादरा बांधून वेगळी ठेवली आहे, त्यावर तुमचं नाव घालून. मुरली आहे. मानेवाड्याकडे याल तेव्हा जिना चढून या आणि घेऊन जा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई